मेरी लू विल्यम्स : ऐकायला सुरुवात कुठून करू?

सुरावट : थेलोनियस मंक आणि बड पॉवेल या जॅझ पियानिस्टांबद्दल वाचताना मेरी लू विल्यम्स हे नाव सारखं समोर येतंय. पण दर वेळी तेच एक वाक्य, ‘न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या तिच्या घरी ही मंडळी जमायची’. बाई नुसती सरबराई करत नसणार! ती स्वतः वाजवायची कशी?

डावा हात : जमायची ती शिकायला. १९४०च्या दशकात ही पोरं तिच्याकडे यायची तेव्हा ती मुरलेली वादक होती. जन्म १९१०चा, अटलांटात. वाढली पिट्सबर्गमध्ये, आणि लहानपणीच पियानो वाजवून पैसे आणायची. पुढे अँडी कर्कच्या बँडमध्ये पियानो तिचा आणि अरेंजमेंट्सही (कोणत्या वाद्याने कधी काय वाजवायचं, ती मांडणी) बऱ्याचशा तिच्याच. पाटीवर नाव कर्कचं, डोकं हिचं.

तुम्ही मंकवाले, तेव्हा १९३६चं ‘वॉकिन अँड स्विंगिन’ लावा. त्यात मध्येच एक छोटा तुकडा येतो, तो ऐकून कान टवकारतील. मंकच्या ‘रिदम-ए-निंग’मध्ये तोच तुकडा आहे, आणि तो कुठून आला हे फार कमी जण सांगतात.

मग ‘रोल एम’. १९३७मध्ये बेनी गुडमनच्या बँडसाठी लिहिलेलं. बूगी-वूगीत पियानिस्टचा डावा हात एकच चाल घोटत बसतो, उजवा वर मजा करतो. तिने हा सगळा खेळ अख्ख्या बँडला वाटून दिला. अरेंजरचं हेच दुखणं आहे, लोक नाचतात आणि गुडमनचं नाव घेतात.

आणि १९४५चं ‘झोडियाक सूट’. बारा राशी, बारा रचना, प्रत्येक रचना त्या राशीच्या कलाकारांना अर्पण. राशिभविष्य म्हणून नाक मुरडू नका (मीही मुरडणाऱ्यांतलाच). ‘मेष’ सॅक्सोफोनवाला बेन वेब्स्टर आणि गायिका बिली हॉलिडे यांच्यासाठी आहे. लय एका जागी ठरतच नाही.

एकताल : नवख्याला झोडियाक जड जाईल. माझ्या मते खरी मेरी लू नंतरची. १९५४मध्ये पॅरिसला कार्यक्रम चालू असताना मंचावरून उठून गेली, मग बराच काळ वाजवणंच बंद. कॅथलिक झाली, व्यसनात अडकलेल्या वादकांना सावरण्यात जवळचे पैसे घातले. १९५७मध्ये न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात ट्रम्पेटवाल्या डिझी गिलेस्पीबरोबर परत वाजवलं. मग ‘ब्लॅक क्राइस्ट ऑफ द अँडीज’ ऐका, संत मार्टिन द पोरेसवरचं. सुरुवातीला नुसते गायकांचे आवाज, पियानो किती वेळाने येतो बघा.

डावा हात : ‘खरी’ मेरी लू वगैरे भानगड मला पटत नाही. स्ट्राइड, स्विंग, बीबॉप या जॅझच्या एकामागून एक आलेल्या शैली, शिवाय चर्चचं संगीत, सगळीकडे तीच. बाकी ते वृंदगान उत्तम, यात वाद नाही.

सुरावट : आणि १९७७चा पियानिस्ट सेसिल टेलरबरोबरचा न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलचा कार्यक्रम?

डावा हात : तो सगळ्यात शेवटी. दोन पियानो, आणि दोघांचं जमलेलं नाही. ती ब्लूज धरून ठेवते, टेलर सुरांचा नुसता मारा करतो. तरी ऐकण्यासारखं आहे, भांडणासाठी. त्यानंतर ती ड्यूक विद्यापीठात शिकवत राहिली, १९८१मध्ये जाईपर्यंत.

झोडियाक घेताना पियानो, बास, ड्रम्सवालं घ्या. न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधलं ऑर्केस्ट्रावालं नंतर.