समितीने आघाडीत जावे का? गोव्यातल्या मगोपच्या अनुभवावरून

शहापूरकर (बेळगाव):
कर्नाटकातला मराठी सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून झगडणाऱ्या आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीने एखाद्या राष्ट्रीय पक्षाशी जाहीर समझोता करून सत्तेत वाटा मागावा, असा सूर अलीकडे तरुण कार्यकर्त्यांत वाढला आहे आणि त्यासाठी चोर्ला घाटापलीकडच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा (मगोप) दाखला दिला जातो. भाषा, धर्म आणि बहुजन समाजाचा अभिमान यांवर उभ्या राहिलेल्या या पक्षाने १९६३ साली गोव्यातले पहिले सरकार बनवले, १९७९ मध्ये त्याची स्वबळाची सत्ता गेली, पण पुढेही मोजक्या आमदारांच्या जोरावर तो मंत्रिपदे मिळवत राहिला, हे खरेच आहे. मात्र हा दाखला नीट तपासला तर तो आघाडीच्या विरोधातच जातो, असे माझे ठाम मत आहे.

२०१७ च्या निवडणुकीआधी मगोपने भाजपची साथ सोडली आणि इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांचे सरकारी अनुदान बंद करा, अशी मागणी करणाऱ्या गोवा सुरक्षा मंचाशी व शिवसेनेशी युती केली. निकालात चाळीसपैकी काँग्रेसला १७, भाजपला १३ आणि मगोपला ३ जागा मिळाल्या. त्यानंतर मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री होणार असतील तर आमचा पाठिंबा, एवढी अट घालून मगोप पुन्हा भाजपबरोबर गेला; शाळांच्या अनुदानाचा प्रश्न मागे पडला. मार्च २०१९ मध्ये पर्रीकरांच्या निधनाला दोन आठवडेही झाले नव्हते, तोच मगोपच्या तीनपैकी दोन आमदारांनी मध्यरात्री भाजपमध्ये विलीनीकरण केले आणि सुदिन ढवळीकरांचे उपमुख्यमंत्रिपद गेले. पक्षांतरबंदी कायद्यात विलीनीकरणासाठी दोन-तृतीयांश आमदार लागतात, आणि तीन आमदारांच्या पक्षात दोन-तृतीयांश म्हणजे दोनच माणसे! जो पक्ष जितका लहान, तितका तो फोडायला सोपा. आपले तर तीन आमदारही नाहीत.

खानापूरकर:
आपण दिलेला तपशील बरोबर आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. बाहेर राहून आपण काय कमावले, याचाही हिशेब मांडायला हवा. २००८ साली कर्नाटक विधानसभेत समितीचा एकही आमदार निवडून आला नाही, २०१३ मध्ये दोन आले, २०१८ आणि २०२३ मध्ये पुन्हा शून्य. २०१३ ला काँग्रेसकडे २२४ पैकी १२२ जागा होत्या, त्यामुळे आपल्या दोघांची कोणाला गरजच नव्हती. २०१८ ला भाजप १०४ वर अडला आणि एकेका आमदाराला मोल आले, तेव्हा आपल्या हाती काहीच नव्हते.

सत्तेपासून दूर राहण्याची किंमत नेते मोजत नाहीत, सामान्य माणूस मोजतो. आमच्या शेजारचे एक वयस्क शेतकरी जमिनीचा उतारा घेऊन दर वेळी एखाद्या शिकलेल्या पोराच्या दारात जातात, कारण तो संपूर्ण कन्नडमध्ये असतो आणि वारसा लागताना नाव कुठल्या रकान्यात गेले हे त्यांना कळत नाही. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून जास्त आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेत द्यावेत, हे धोरण १९५६ पासून कागदावर आहे. ते अमलात आणायला निवेदन पुरत नाही, मंत्रालयात बसलेला माणूस लागतो. मराठी शाळेत रिकाम्या जागेवर शिक्षक नेमायलाही तोच लागतो.

निपाणीचा एक मतदार:
मला दोघांनाही एक गोष्ट विचारायची आहे. आघाडी करायची ती नेमकी कोणाशी? २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला एक लाखाहून अधिक मते पडली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेळगाव महापालिकेत भाजपने ५८ पैकी ३५ जागा जिंकल्या. म्हणजे आपल्या मराठी मतदारापैकी बरेच जण हिंदुत्वाच्या ओढीने आधीच तिकडे गेलेले आहेत. भाजपशी युती केली तर उरलेलेही विरघळतील. काँग्रेसशी केली तर त्यातले किती जण मागे येतील, याची मला शंका आहे.

शिवाय डिसेंबर २०२२ आठवा. त्या महिन्यात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधानसभेने सीमाभागातली एक इंचही जमीन सोडणार नाही असा ठराव एकमताने केला आणि काही दिवसांतच नागपुरात महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सीमाभागातली ८६५ गावे महाराष्ट्रात घेण्यासाठी एकमताने ठराव केला. दोन्ही सभागृहांत भाजपही होता आणि काँग्रेसही होती. जो पक्ष एकाच आठवड्यात दोन्ही बाजूंनी हात वर करतो, त्याच्याकडून आपण कोणती अट पाळून घेणार?

शहापूरकर:
निपाणीकरांनी मूळ दुखण्यावर बोट ठेवले. मगोप आणि समिती यांतला मोठा फरकही इथेच आहे. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही, याचा निकाल गोव्याच्या जनतेने जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात दिला. त्यानंतर मगोप कोणाही बरोबर बसायला मोकळा झाला. आपला प्रश्न मात्र महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला आहे आणि तो अजून निकाली निघालेला नाही. ज्या राज्यात राहायलाच आपला नकार आहे, त्याच राज्याच्या मंत्रिमंडळात समितीने शपथ घेतली, तर हुतात्मा दिनाला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या हिंडलग्यातील स्मारकासमोर आपण कोणत्या तोंडाने उभे राहायचे?

खानापूरकरांच्या शेजाऱ्यांचा प्रश्न मी झटकत नाही, तो माझ्याही घरात आहे. म्हणून माझा आग्रह असा की आमदार निवडून आणावेत, पण मंत्रिपद घेऊ नये. मराठीतून कागदपत्रे आणि मराठी शाळांतल्या शिक्षकांच्या जागा, एवढ्या दोन लेखी अटींवर बाहेरून पाठिंबा द्यावा आणि तोही दर अधिवेशनाला तपासावा. त्याआधी एका मतदारसंघात एकच उमेदवार द्यावा. २०१८ ला दोन गटांनी एकमेकांविरुद्ध माणसे उभी केली, त्याला कोणतीही आघाडी कारणीभूत नव्हती.

खानापूरकर:
एकाच उमेदवाराचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. बाहेरून पाठिंब्याचा नाही. लेखी अट मोडली तर सरकार पाडण्याएवढे बळ दोन आमदारांत नसते, आणि ते नसताना कागद घेऊन बाहेर बसण्यापेक्षा आत बसून निदान खात्याची फाइल तरी हलवता येते. जनमत कौलाचा फरक मी समजतो, पण न्यायालयातला खटला महाराष्ट्र सरकारचा आहे. समितीच्या आमदाराने इथे शिक्षक नेमून घेतले म्हणून त्या दाव्यातला एकही पुरावा कमी होत नाही.