मंगळवारी काय सांगू? – प्रॉडक्ट मॅनेजरांच्या काळज्या (अनुभव धागा)

तलावपाळीची_ती

२०२५ च्या २२ सप्टेंबरला जीएसटीचे दर बदलले त्या दिवशी नौपाड्यातल्या आमच्या नेहमीच्या वाण्याकडे गेले होते. दादा एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात शाम्पूची बाटली घेऊन उभे. "ताई, ॲपमध्ये अजून १८ टक्केच दाखवतंय, गिऱ्हाईक खोळंबलंय." ॲप माझं नव्हतं, तरी पोटात तोच गोळा आला जो २०१७ मध्ये रोज यायचा. तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून हा धागा.

तेव्हा मी ऐरोलीत होते, दुकानदारांच्या बिलिंग ॲपची प्रॉडक्ट मॅनेजर, म्हणजे ॲपमध्ये काय बनवायचं आणि आधी काय ते ठरवणारी. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू होणार होता. सेल्सच्या साहेबांना रंगीत रिपोर्ट हवे होते, डेमोत तेच बघून लोक घेतात. माझं म्हणणं, दर कोडमध्ये गाडू नका, सर्व्हरवरच्या तक्त्यात ठेवा. उद्या सरकारने दर बदलले तर हजारो दुकानदारांना ॲप अपडेट करा म्हणत बसणार का? पण मी बीकॉम, एमबीए. कोडमधलं मला काय कळणार, असं समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसायचं आणि मी गप्प व्हायचे. मंगळवारी आढावा असायचा. सोमवारी रात्री वहीत एकच ओळ लिहून बसायचे, "उद्या काय सांगू?" झोप नाही.

शेवटी नवऱ्याच्या ओळखीतून जांभळी नाक्यावरच्या एका होलसेलवाल्यांकडे तीन सकाळी स्टूल टाकून बसले. बिल मालक करत नव्हते, पोऱ्या करत होता. त्याला एचएसएन कोड (जीएसटीसाठी वस्तूला दिलेला क्रमांक) माहीतच नाही. तो शोधायचा "लाल साबण मोठा". सापडलं नाही की जे वर दिसेल ते टाकून मोकळा, दर चुकला तर चुकला. मंगळवारी मी माझं मत सांगितलंच नाही. त्या पोऱ्याने एका तासात काय काय टाइप केलं ते वाचून दाखवलं, आणि मला कोणी मध्येच तोडलं नाही.

दरांचा तक्ता झाला, रिपोर्ट मागे पडले. १५ नोव्हेंबरला पावणेदोनशेच्या आसपास वस्तू २८ वरून १८ टक्क्यांवर आल्या आणि आमच्या दुकानदारांना सकाळी नवे दर तयार मिळाले. पण रिपोर्ट नाहीत म्हणून काही ऑर्डरी हातच्या गेल्या हेही खरं, आणि साहेब दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

तुमच्या पोटात गोळा कशाने येतो? आणि काय केलंत?

कुकरची_तिसरी_शिट्टी

रुमाल टाकून ठेवते. मुलाची युनिट टेस्ट आहे उद्या, मग सविस्तर.

कोपरखैरणे_सेक्टर_नऊ

आमचा गोळा १ ऑक्टोबर २०२१. सबस्क्रिप्शनवाल्यांना आठवत असेल. रिझर्व्ह बँकेचा नियम, कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे तर आधी ग्राहकाची वेगळी मंजुरी, कापायच्या २४ तास आधी सूचना, आणि रक्कम ५,००० च्या वर असेल तर दर वेळी ओटीपी. मुदत आधी ३१ मार्च होती, मग सहा महिने वाढली. वाढली म्हणून सगळे निर्धास्त, परत वाढेल म्हणाले. नाही वाढली.

मी एप्रिलमध्येच लिहिलं होतं. पण कसं, तर आठ मुद्द्यांच्या मेलमध्ये पाचवा मुद्दा. कोणी वाचला नाही. ऑक्टोबरमध्ये पैसे कापले जाईनात, रोज सकाळी दहाला कॉल आणि रोज मलाच प्रश्न. बेडरूममध्ये लॅपटॉप, बाहेर आईची ऑनलाइन भजनं. त्या महिन्यात चार किलो उतरलो.

तेव्हापासून धोका कळवायचा तर एका मेलमध्ये एकच धोका. पहिल्या ओळीत रुपये. दुसऱ्या ओळीत निर्णय कोणी घ्यायचा आणि कुठल्या तारखेपर्यंत. उत्तर आलं नाही तर दोन दिवसांनी फोन. त्याचं लोकांना वाईट वाटत नाही असा अनुभव आहे. मला वाटायचं भोचकपणा होईल, म्हणून मी वर्षं घालवली.

(पुढे २०२२ च्या जूनमध्ये ती ५,००० ची मर्यादा १५,००० झाली. तोवर आमचं जायचं ते गेलं होतं.)

तलावपाळीची_ती

पाचवा मुद्दा!! अहो माझ्याकडेही असे मेल आहेत ढिगाने. एका मेलमध्ये एकच धोका, हे आमच्या टीमला उद्याच सांगते.

डोंबिवली_महापे_रोज

नमस्कार, मी इथे नवीन. आठ महिने झाले या रोलमध्ये, आधी सपोर्टला होतो. आई विचारते, मॅनेजर झालास तर हाताखाली किती माणसं? एकही नाही. तिला कसं समजावू कळत नाही, आणि माझी काळजी पण नेमकी तीच आहे. आमचे मुख्य डेव्हलपर बारा वर्षं कंपनीत आहेत. मी काही मांडलं की "बघू" म्हणतात आणि हेडफोन लावतात. क्लायंटला मी दिवाळीनंतरची तारीख देऊन बसलोय. आता डेव्हलपरना कसं विचारायचं हेच समजेना.

ऐरोली_वडापाव_समर्थक

अवांतर, दिघा गाव स्टेशन झाल्यापासून कोणी तिथून येतं का ऑफिसला? ठाण्याला १० नंबरवर सकाळी उभं राहवत नाही.

मी_डेव्हलपर_पण_वाचतोय

डोंबिवली_महापे_रोज, मी पलीकडच्या बाजूचा आहे, सतरा वर्षं कोड लिहितोय. मनापासून सांगतो. तुमच्या त्या साहेबांचं "बघू" तुमच्यावर नसेल. तारीख आधी दिली आणि विचारलं नंतर, हे आमच्या फार जिव्हारी लागतं. मी एखाद्याला "साधारण दोन आठवडे" म्हणतो तो अंदाज असतो. तो क्लायंटच्या मेलमध्ये वचन होऊन माझ्याकडे परत येतो, आणि मग शनिवार-रविवार माझे जातात. माझ्या मुलीचं अरंगेत्रम् असंच चुकलं माझं, ते मी विसरू शकलेलो नाही.

त्यांच्याकडे जा, एकटेच जा. मीटिंग लावू नका, जेवणानंतर खाली चहाला न्या. "तारीख मी न विचारता दिली, माझी चूक झाली" एवढं आधी बोला. मग क्लायंटला ते कशाला हवंय ते सांगा. काय बनवायचं ते सांगू नका, का हवंय ते सांगा. कदाचित ते तुम्हाला त्याहून सोपा मार्ग सुचवतील. आणि अंदाज विचाराल तेव्हा एक आकडा मागू नका. सगळं नीट गेलं तर किती आणि अडकलं तर किती, असे दोन मागा. क्लायंटला मोठा सांगा.

डोंबिवली_महापे_रोज

धन्यवाद काका (काका म्हटलं तर चालेल ना). चहाला बोलवायचं धाडस करतो.

मी_डेव्हलपर_पण_वाचतोय

दादा म्हण. 🙂

घोडबंदर_ट्रॅफिकमधून

कापूरबावडीला अडकलेय, तोवर लिहिते.

माझी काळजी रिलीजच्या दिवसाची. तीन वर्षांपूर्वी शुक्रवारी संध्याकाळी नवीन आवृत्ती एकदम सगळ्यांना दिली. त्याच संध्याकाळी गडकरी रंगायतनला लेकीच्या शाळेचं गॅदरिंग. ती स्टेजवर कोळीण झाली होती आणि मी बाहेर पायऱ्यांवर फोनवर. लॉगिनच होत नव्हतं लोकांना. रोलबॅक करून जुनी आवृत्ती परत आणेपर्यंत तिचा नाच संपला. तिने विचारलं, "आई, मी कडेला होते ना, दिसले का?" मी हो म्हणाले. ते खोटं मला अजून टोचतं.

त्यानंतर मी भांडून दोन गोष्टी करून घेतल्या. एक, गुरुवार दुपारनंतर त्या आठवड्यात रिलीज नाही. दोन, सगळ्यांना एकदम द्यायचं नाही. आयफोनवर टप्प्याटप्प्याने द्यायची सोय आहेच, सात दिवसांत १, २, ५, १०, २०, ५० आणि मग १०० टक्के, मध्येच थांबवता येतं. अँड्रॉइडवर टक्के आपण ठरवायचे. पहिल्या एक टक्क्यातच लॉगिनसारखी चूक पकडली जाते. वरून विरोध झाला, स्पर्धकांच्या मागे पडू म्हणाले. मी म्हटलं सात दिवसांनी मागे पडू, पण रविवारी माफीचे मेसेज पाठवायला लागणार नाहीत.

आणि मोठ्या रिलीजआधी सगळ्यांना बसवून अर्धा तास एकच प्रश्न, "समजा हे सपशेल फसलंय, कशामुळे फसलं असेल?" नुसतं "काही रिस्क आहे का" विचारलं तर सगळे नाही म्हणतात. असं विचारलं की एरवी न बोलणारी आमची टेस्टर पाच गोष्टी सांगते.

चला, सिग्नल सुटला.

नेरूळची_पाणपोई

बाई गं, "दिसले का" वाचून डोळ्यांत पाणी आलं. लेक आता केवढी आहे?

घोडबंदर_ट्रॅफिकमधून

सातवीत. यंदा गॅदरिंगच्या आठवड्यात रजाच टाकलीय.

वागळे_इस्टेटचा

प्राधान्य ठरवण्याचं कोणी लिहिलं नाही अजून. आमच्याकडे राइसचं कोष्टक आहे. किती लोकांना लागेल, किती फरक पडेल, आपल्याला किती खात्री, या तिघांचा गुणाकार भागिले मेहनत. कागदावर छान. होतं काय, की मोठ्या साहेबांचं लाडकं फीचर आधी ठरतं आणि मग आकडे त्याला जुळवून भरले जातात. मला रात्री याचा त्रास व्हायचा, खोटेपणात सामील झाल्यासारखं वाटायचं. आता मी एकच आग्रह धरतो. खात्रीच्या रकान्यापुढे कशावरून ते लिहायचं. किती ग्राहकांशी बोललो, कधी बोललो. "साहेबांना वाटतं" असं लिहायला साहेबांनाच अवघड जातं, आणि चर्चा ताळ्यावर येते. दर वेळी नाही, पण येते.

सीवूड्स_रात्रपाळी

एआय आता पीआरडी (काय बनवायचं त्याचा दस्तऐवज) लिहून देतं, आपलं काय होणार ही काळजी कोणाला नाही का? आमच्याकडे दोघांना जायला सांगितलं, एकाला घराचा हप्ता आहे उलव्यात. मला काही उपाय सापडलेला नाही, खरंच विचारतोय.

तलावपाळीची_ती

उपाय माझ्याकडेही नाही हो. एक पाहिलेलं सांगते. आम्ही दुकानदारांच्या फोनचे सारांश एआयकडून काढतो. त्यात एकाने म्हटलं होतं "बरं, बघतो, कळवतो". सारांशात आलं, ग्राहक उत्सुक आहे, पाठपुरावा करावा. ठाण्यातला वाणी "बघतो, कळवतो" म्हणाला म्हणजे नाही म्हणाला. टीमने अशा तीसेक जणांच्या आशेवर महिन्याचा आकडा धरला होता. मी ते फोन स्वतः ऐकले म्हणून वाचलो. त्या तुमच्या सहकाऱ्यांना माझा निरोप द्या, मला निरोप्यातून (खाजगी मेसेज) गाठा, आमच्याकडे एक जागा निघतेय.

सीवूड्स_रात्रपाळी

निरोप केलाय ताई. खूप आभार.

खाडीपुलावर_एकदा

लिहू की नको करत होतो. २०२३. वाशीच्या खाडीपुलावर गाडीत असताना छातीत आवळून आलं, हात थंड पडले. हार्ट अटॅक समजून वाशीतच एका हॉस्पिटलात गेलो, ईसीजी नॉर्मल. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, झोप किती होते? चार महिने तीन-चार तास होत होती. बायकोलाही सांगितलं नव्हतं. लॉन्च पार पडू दे मग बघू, असं चाललं होतं. एक पार पडलं की पुढचं असायचंच.

मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, सात महिने गोळ्या आणि बोलणं. आता बरा आहे. रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावतो, खोलीत नाही. वहीत दोन रकाने, माझ्या हातातलं आणि नसलेलं. ऐकायला साधं वाटतं, पण पहिल्या दिवशी एकोणीसपैकी चारच माझ्या हातातले निघाले.

कोणाला असं होत असेल तर छातीत दुखणं आधी डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका. आणि रात्री-बेरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली मानस, १४४१६. सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी केलाय फोन.

नेरूळची_पाणपोई

लिहिलंत ते फार बरं केलंत. नंबर सेव्ह केला, भावासाठी.

कोपरखैरणे_सेक्टर_नऊ

मित्रा, आपण एकाच पुलाच्या दोन टोकांना होतो म्हणायचं. चार किलो उतरलो ते मी पण घरी डाएट म्हणून सांगितलं होतं.

कुकरची_तिसरी_शिट्टी

आले परत. भूगोल झाला एकदाचा. वरचं सगळं वाचून काढलं, माझं लिहायचं राहिलंय पण आता डोळे मिटतायत.

डोंबिवली_महापे_रोज

अपडेट. आज चहाला नेलं त्यांना. "माझी चूक झाली" एवढंच बोललो तर ते म्हणाले, बस. दोन आकडे दिले, १२ दिवस आणि १९ दिवस. पेमेंटचा भाग वेगळा केला तर आधी तेवढाच देता येईल हे त्यांनीच सुचवलं. क्लायंटला १९ कळवले. अजून उत्तर नाही, सारखा मेल बघतोय.

मी_डेव्हलपर_पण_वाचतोय

शाब्बास रे. मेल उद्या बघ, जेवून घे आधी.

ऐरोली_वडापाव_समर्थक

जांभळी नाक्यावर कंदील किती वाजेपर्यंत मिळतात? ऑफिस सुटून आठला पोचेन.

तलावपाळीची_ती

नऊपर्यंत असतात. आतल्या गल्लीत जा, बाहेर महाग देतात.