'टेस'मधली नियती: चर्चेसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. फोंड्यातल्या आमच्या वाचक गटात येत्या रविवारी मला थॉमस हार्डीच्या 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' (१८९१) या कादंबरीवर बोलायचंय. प्रतीकं सापडतायत. लाल रंग तर सुरुवातीपासूनच पाठ सोडत नाही: पांढऱ्या कपड्यांतल्या बायकांत एकट्या टेसच्या केसांत लाल रिबन, मग प्रिन्स घोड्याची जखम हाताने दाबताना तिच्या अंगभर उडालेलं रक्त, शेवटी खोलीच्या छताला पसरत जाणारा तो रक्ताचा डाग.

अडतंय ते नियतीपाशी. टेसने लग्नाआधी होणाऱ्या नवऱ्याच्या, एंजलच्या, दाराखालून सरकवलेलं कबुलीचं पत्र नेमकं गालिच्याखाली जातं. ही नियती, की लेखकाची लबाडी? गटातल्या एक काकी म्हणतात, "देवाने डावा प्रसाद दिला (म्हणजे कौल विरुद्ध गेला) की माणूस काय करणार!" मला नाही पटत. गरिबी, ॲलेकची जबरदस्ती, एंजलचा दुटप्पीपणा, यात दैवाचा काय संबंध? पण मग स्टोनहेंजच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या त्या प्राचीन शिळावर्तुळाच्या, दगडावर ती वेदीवर ठेवल्यासारखी आडवी होते, ते कशासाठी? बळी म्हणावं, तर कुणाला?

यावर मराठीत काही चांगलं वाचलं असेल तर शनिवारच्या आत सांगा. 'ग्रीक शोकांतिकेसारखं आहे' एवढ्यावर सोडू नका, तेवढं मलाही माहीत आहे.