मदत हवी आहे: फिफ्थ व्हीलला चीर, उद्या सकाळी गेटवर चेकिंग

ट्रेलरवाला_उरण
उद्या सातला गाडी केमिकल प्लांटच्या गेटवर लागायची आहे. ड्रायव्हरने आत्ता फोटो पाठवला, प्लेटला चीर आहे, बोटभर लांब. मागच्या महिन्यात त्याच गेटवरून आमची एक गाडी परत आली, भाडं गेलं ते गेलंच. चालेल की नाही एवढंच सांगा. भाषण नको.

न्हावाशेवा_७२
फोटो कुठाय? आणि कोणती प्लेट? घोड्यावरची, म्हणजे ओढणाऱ्या गाडीवरची, की ट्रेलरच्या पोटाखालची?

ट्रेलरवाला_उरण
घोड्यावरचीच हो, ट्रेलर जिच्यावर टेकतो ती. फिफ्थ व्हील म्हटलंय ना वर. फोटो अपलोड होत नाहीये.

वेल्डर_दादा
७०१८ चा वेल्डिंग रॉड घ्या, चिरेला व्ही आकाराची खाच मारा, भरा, ग्राइंडर फिरवा, वरून काळा रंग. दोन तासांचं काम. वीस वर्षं हेच करतोय, एकही गाडी परत आली नाही.

ब्रॅम्प्टनकर
दादा, रंग मारून? इथे ओंटारियोत रोडसाइड चेकिंगला सीव्हीएसएचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या ट्रक तपासणी संघटनेचे निकष लावतात. चढणीच्या रॅम्पवरची चीर आणि ओतीव फिफ्थ व्हीलच्या खालच्या रिब्समधल्या श्रिंकेजच्या (ओतलेला धातू आकसून पडलेल्या) चिरा एवढ्या दोन सोडल्या, तर बाकी असेंब्लीत कुठेही चीर दिसली की गाडी जागेवरच उभी. किती लांब हे कोणी विचारत नाही, कुठे आहे ते विचारतात. एका बाजूचे २० टक्क्यांहून जास्त बोल्ट ढिले किंवा गायब असले तरी तेच.

वेल्डर_दादा
कॅनडाचे नियम कळंबोलीत कशाला? तिकडे रस्ते लोण्यासारखे. इथले खड्डे आणि ओव्हरलोड बघा एकदा.

ब्रॅम्प्टनकर
मग चीर इथल्यापेक्षा तिकडेच लवकर पळणार ना! आणि आमच्या लोण्यावर हिवाळ्यात मीठ टाकतात, ते वेगळंच.

किंगपिन_मास्टर
किंगपिन मोजली का, ट्रेलरखालची, फिफ्थ व्हीलच्या जबड्यात अडकते ती? दोन इंची नवी ५०.८ मिमी असते, ४९ ला आली की बदलायची. लोक प्लेटकडे बघत बसतात आणि पिन झिजून पेन्सिल होते.

ट्रेलरवाला_उरण
किंगपिनचं कोणी विचारलंय? चीर रॅम्पवरच आहे, मागच्या उताराला. म्हणजे चालेल ना?

एनडीटी_ताई
ट्रेलर काढून बघितलंत का? जोडलेला असताना जबड्याभोवतीचं काहीच दिसत नाही. आणि ती खरंच चीर आहे की रंगाचा पापुद्रा?

डिझेलने ग्रीस काढा, वायरब्रश मारा, कोरडं करा. मग डीपी टेस्ट (डाय पेनिट्रंट, चिरेत शिरणारा लाल रंग), तीन डब्यांचा सेट मिळतो. लाल मारून दहा मिनिटं थांबा. पुसताना क्लीनर फडक्यावर घ्या, थेट फवारू नका, नाहीतर चिरेतला लालही धुवून निघेल. मग पांढरा डेव्हलपर. खरी चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ फुटते.

सेट नसेल तर निदान गंजाचा तपकिरी ओघळ शोधा. तो दिसला तर तिथली जागा उघडझाप करतेय असं समजा. रॅम्पवर थांबू नका, खाली प्लेट धरणाऱ्या ब्रॅकेटच्या पायाशी वेल्डची कडा बघा. भार तिथूनच चॅसीवर उतरतो.

न्हावाशेवा_७२
ताई, खडू-रॉकेलनेही कळतं. आमचा फोरमन तेच करायचा. रॉकेल लावायचा, पुसायचा, वर खडू फासायचा, आणि चहा पिऊन यायचा.

पनवेल_लोड
विषयांतर, पण फास्टॅग एकाच नाक्यावर दोनदा कापलाय. कोणाला परत मिळालाय का?

वेल्डर_दादा
ओतीव प्लेटला डीपी मारली तर पन्नास रेघा दिसतील. सगळ्याला घाबरायचं का?

एनडीटी_ताई
म्हणूनच जागा बघायची. रिबमधली जुनी, बोथट, कुठेच न पोचणारी रेघ वेगळी. जबड्याकडे किंवा बोल्टच्या भोकाकडे धावणारी वेगळी. आणि मेकर सांगत नाही तोवर ओतीव प्लेटवर रॉड लावू नका. थंड प्लेट तापवलीत की वेल्डच्या बाजूलाच नवी चीर येते.

ट्रेलरवाला_उरण
रात्रीचे पावणेबारा. गॅरेजवाल्याकडे डब्यांचा सेट निघाला. रॅम्पवरची रेघ खरी निघाली, पण दोन इंचांवर संपते. डाव्या ब्रॅकेटच्या पायाशी मात्र वेल्डच्या कडेने लाल रेघ आली, चार बोटं. ड्रायव्हरला तीन आठवडे ब्रेक मारताना खालून टक्क आवाज येत होता म्हणे. बोललाच नाही!

ब्रॅम्प्टनकर
हा घोडा बाजूला लावा.

वेल्डर_दादा
ब्रॅकेट पत्र्याचा आहे, ओतीव नाही. तो तरी भरू द्या.

एनडीटी_ताई
आज रात्री नाही, दादा. बोल्ट काढून ब्रॅकेट टेबलावर आणल्याशिवाय रेघ कुठवर गेलीय ते दिसणार नाही.

ट्रेलरवाला_उरण
दुसरा घोडा जोडतोय, साडेपाचला निघेल. कळंबोलीत ब्रॅकेटची जोडी तयार मिळेल का कुठे? लवकर सांगा.

न्हावाशेवा_७२
कोणत्या मेकचं फिफ्थ व्हील आहे? उंची किती?