मदत हवी आहे: सलग सायकल चालवून बोटं बधिर होतात
एकट्याने बारा दिवसांची सायकल सफर ठरवलीय, रोज 80-90 किलोमीटर आणि मग मुक्काम. सरावासाठी सलग तीन दिवस चालवली. तिसऱ्या संध्याकाळी उजवी करंगळी आणि शेजारचं बोट इतकं बधिर झालं, की शर्टाचं बटण लावता येईना. हँडलवर तळव्याच्या कडेला अल्नर नस (करंगळीकडे जाणारा मज्जातंतू) दाबली गेली की असं होतं म्हणे. सीटचं टोक पुढे झुकलेलं होतं, त्यामुळे अंगाचा भार हातांवर येत होता. ते सपाट केलं. फरक पडला, पण मुंग्या अजून येतात.

आता हँडल वर घेऊ, की बार-एंड (हँडलच्या टोकांना लावायचे शिंगांसारखे जादा दांडे) लावून पकड बदलत राहू? मध्ये एक दिवस विश्रांती पुरेल का? सोबत कुणीच नसणार, म्हणून जास्त काळजी वाटते. अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.