उत्तर: पक्षी का गातात?

पक्षी आनंदाने गातात, असं या प्रश्नाच्या दुसऱ्या एका उत्तरात दादांनी लिहिलंय. आनंद असेलही, पण मुख्य भानगड हद्दीची आहे, आणि आम्हा बेळगाव सीमाभागातल्यांना ती वेगळी समजावून सांगायला नको! ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात १९७० च्या दशकात पक्षी-अभ्यासक जॉन क्रेब्स यांनी ग्रेट टिट या छोट्या पक्ष्याचे नर त्यांच्या जागेवरून हलवले. काही जागी त्यांचंच गाणं वाजवणारे स्पीकर लावले, काही जागा नुसत्याच सोडल्या. नुसत्या सोडलेल्या जागा नव्या नरांनी लगेच बळकावल्या. स्पीकरवाल्या जागी शिरायला मात्र बराच वेळ लावला. म्हणजे नुसत्या आवाजाने कुंपणाचं काम केलं.

आमच्या खानापुरात उन्हाळ्यात भल्या पहाटे दयाळ पक्षी बघा. विजेच्या तारेवर शेपूट उभारून हा गातो, की पलीकडच्या कौलांवरून दुसऱ्याचं उत्तर आलंच. माद्याही गाण्यावरूनच नर पारखतात. जांबोटीकडच्या ओढ्यांवर मलबार कस्तूर हा पक्षी मात्र भर पावसात शीळ घालतो, त्याची वीणच तेव्हा असते.

आणि हो, पक्ष्याचा आवाज आपल्यासारखा गळ्याच्या वरच्या भागातून येत नाही. श्वासनलिकेला खाली जिथे दोन फाटे फुटतात तिथे त्याचं स्वरयंत्र असतं. दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालवता येत असल्याने काही पक्षी एकाच वेळी दोन सूर काढतात.