‘वेगळे व्हा’ यातले वेगळेपण : अर्थ आणि वापर

प्रश्न

ख्रिस्ती लिखाणात ‘वेगळे होणे’, ‘जगापासून अलिप्त राहणे’, ‘जगिक’ आणि ‘पवित्र’ हे शब्द वारंवार येतात आणि बरेच लेखक ते जणू एकाच अर्थाचे असल्यासारखे वापरतात. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (६:१७) पौल ‘वेगळे व्हा’ अशी आज्ञा उद्धृत करतो. तिच्या आधारे काही जण असे मांडतात की ख्रिस्ती कुटुंबांनी सेक्युलर समाजापासून दूर, आपल्याच विश्वासणाऱ्यांच्या वस्तीत राहावे आणि मुलांना आपल्याच शाळेत घालावे. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. दूर राहायला जावे असा अर्थ या शब्दात खरोखर आहे का? आणि ‘सेक्युलर समाज’ याला मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’ म्हणावे, ‘निधर्मी’ म्हणावे, की ‘इहवादी’?

पहिले उत्तर

मराठीत भाऊ ‘वेगळे झाले’ म्हटले की त्यांच्या चुली वेगळ्या झाल्या असे आपण समजतो. त्यामुळे मराठी वाचकाला या आज्ञेत घर बदलण्याची सूचना सहज दिसते, आणि हा अर्थ वचनाच्या संदर्भातून न येता आपल्या भाषेच्या सवयीतून येतो. मूळ ग्रीक क्रियापद ‘अफोरिझो’ आहे. ‘होरोस’ म्हणजे सीमा. त्यावरून सीमा आखून एखादी गोष्ट बाजूला काढणे, राखून ठेवणे, असा त्याचा अर्थ होतो. मात्र व्युत्पत्तीपाशी न थांबता नव्या करारात हे क्रियापद आणखी कुठे आले आहे ते पाहावे, कारण तिथे त्याचे जे वेगवेगळे उपयोग सापडतात ते या वादात क्वचितच एकत्र मांडले जातात.

रोमकरांस पत्राच्या पहिल्याच वचनात पौल स्वतःला सुवार्तेसाठी ‘वेगळा केलेला’ म्हणवतो, आणि तिथे हेच क्रियापद आहे. प्रेषितांच्या कृत्यांत (१३:२) अंत्युखियाच्या मंडळीला (चर्चला) बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना वेगळे करण्याची आज्ञा होते, तिथेही हेच. या दोन्ही ठिकाणी वेगळे केलेला माणूस लोकांपासून दूर न जाता थेट त्यांच्यात जातो. बर्णबा आणि शौल जहाजात बसून सायप्रसला निघतात, परक्या शहरांच्या सभास्थानांत आणि अधिकाऱ्यांसमोर उभे राहतात. तिसरे उदाहरण याहून बोलके आहे. गलतीकरांस पत्रात (२:१२) पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे, पण यरुशलेमेहून काही माणसे आल्यावर तो त्यांच्या पंक्तीतून माघार घेऊन ‘वेगळा राहू लागला’ असे पौल लिहितो. क्रियापद तेच, आणि या वेगळेपणाबद्दल पौल पेत्राला सर्वांदेखत दोष देतो. (पेत्र दूर झाला तो आपल्याच विश्वासबंधूंपासून, हा फरक लक्षात ठेवून मी हे म्हणतो.)

म्हणजे ज्या क्रियापदाने एका ठिकाणी आज्ञा होते, त्याच क्रियापदाने दुसऱ्या ठिकाणी नेमणूक होते आणि तिसऱ्या ठिकाणी दोष लागतो. शब्दाच्या बळावर वेगळ्या वस्तीचा निर्णय करणाऱ्यांनी या तिन्ही ठिकाणांचा हिशेब द्यायला हवा. वेगळे कशापासून आणि कशासाठी, हे प्रत्येक वेळी संदर्भ सांगतो. करिंथकरांच्या त्या उताऱ्यात मूर्तिपूजा आणि विजोड बंधन यांचा विषय चालू आहे. त्यामागे यशयाचे वचन (५२:११) आहे आणि बैल व गाढव एका जुवाला जुंपू नयेत ही जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातली आज्ञाही (२२:१०) आहे. जुवाचा प्रश्न एकत्र ओढण्याचा आहे. एकाच गावात राहण्याचा उल्लेखसुद्धा तिथे नाही.

शंका उरत असेल तर त्याच मंडळीला लिहिलेले पहिले पत्र (५:९-१०) ती दूर करते. जारकर्म्यांची संगत धरू नका, असे पौलाने आधी एका पत्रात लिहिले होते आणि तिथल्या लोकांनी त्याचा अर्थ बाहेरच्या समाजाशी संबंध तोडण्याचा घेतला असावा. पौल खुलासा करतो की मला जगातले जारकर्मी, लोभी किंवा मूर्तिपूजक अभिप्रेत नव्हते, कारण तसे असते तर तुम्हाला जगातूनच निघून जावे लागले असते. त्याचा रोख स्वतःला बंधू म्हणवून तसे वागणाऱ्यावर आहे. आज अनेकांची रीत नेमकी उलट दिसते: बाहेरच्याशी अंतर कडक आणि आतल्याला सूट.

‘मंडळी’ या शब्दाबद्दलही थोडे लिहितो. चर्चसाठीच्या ‘एक्क्लेसिया’ या ग्रीक शब्दाची फोड ‘बाहेर बोलावलेले’ अशी करून तीवर जगाबाहेर राहण्याचा उपदेश उभारलेला मी अनेकदा वाचला आहे. ग्रीक शहरांत या शब्दाचा रूढ अर्थ नागरिकांची सभा असा होता. माणसे घराबाहेर बोलावली जात ती सार्वजनिक कामासाठी. इफिसच्या दंगलीच्या वृत्तान्तात (प्रेषित १९:३९) नगरलेखक रीतसर नगरसभेसाठी हाच शब्द वापरतो. मराठी ‘मंडळी’त ‘बाहेर’ हा अंशच नाही आणि त्यात काही बिघडलेले नाही.

‘पवित्र’ या शब्दाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. हिब्रू ‘कादोश’ या शब्दात देवासाठी राखून ठेवलेले असा भाव आहे, पण मराठी कानाला ‘पवित्र’मध्ये ‘सोवळे’ ऐकू येते, आणि सोवळे स्पर्शाने मोडते. मार्काच्या शुभवर्तमानात येशू कुष्ठरोग्याला हात लावून बरे करतो (१:४१) आणि जकातदारांबरोबर जेवायला बसतो (२:१५-१७). तिथे विटाळ येशूकडे येत नाही; शुद्धता त्याच्याकडून समोरच्याकडे जाते. म्हणून पवित्रतेचा अर्थ स्पर्श टाळणे असा करणारे भाषांतर मला घातक वाटते.

दुसरे उत्तर

वरच्या शब्दार्थाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु शब्दाने वस्तीची सक्ती होत नाही म्हणून वस्तीचे समर्थन कोसळले असे होत नाही. रोमकरांस पत्रातली (१२:२) आज्ञा पाहा. तिथे मूळ शब्द ‘जग’ या अर्थाचा ‘कॉस्मोस’ नसून ‘युग’ या अर्थाचा ‘आयॉन’ आहे, आणि मराठी बायबलातही ‘युग’ हाच शब्द ठेवला आहे. या युगाशी समरूप होऊ नका, असे पौल सांगतो. युगाला हद्द नसते, त्यामुळे गाव सोडून ते सुटत नाही, हे खरे. पण समरूप होणे ही क्रिया नकळत घडते. बाजार, करमणूक, शाळा आणि शेजार माणसाला रोज थोडे थोडे घडवत असतात, आणि आठवड्यातून एकदा भरणाऱ्या उपासनेने त्याची भरपाई होईल असे मानणे भाबडेपणाचे आहे. याकोबाचे पत्र (४:४) जगाशी मैत्री म्हणजे देवाशी वैर असे बजावते, ते उगाच नाही.

वेगळे राहिलेल्यांचा इतिहासही केवळ पळून जाण्याचा नाही. अंतोनी हा ख्रिस्ती संन्यासी इजिप्तच्या वाळवंटात गेला, तरी सल्ला आणि प्रार्थना मागणारे लोक त्याच्यामागून तिथे पोहोचले. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टने मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीत आलेल्या पाहुण्याचे स्वागत प्रत्यक्ष ख्रिस्त आल्यासारखे करावे, असे ५३व्या प्रकरणात सांगितले आहे. मठाला भिंत होती आणि त्या भिंतीला दार होते. १५२७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या श्लाइटहाइम येथे अ‍ॅनाबॅप्टिस्टांनी (बाप्तिस्मा समजत्या वयातच घ्यावा असे मानणाऱ्यांनी) सात कलमांचा जो जाहीरनामा मान्य केला, त्याचे चौथे कलम दुष्टतेपासून वेगळे होण्याबद्दल आहे. त्याचा प्रमुख लेखक मिखाएल साटलर पूर्वी बेनेडिक्टाइन मठवासी होता आणि त्याच वर्षी त्याला जाळून मारण्यात आले. ज्या राज्यात तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा नाकारणे हा गुन्हा होता, तिथे ‘वेगळे व्हा’ हे वचन त्या लोकांनी चैनीखातर वाचले नव्हते.

अमेरिकेत वेगळ्या वस्त्यांत साधेपणाने राहणारे आमिश लोक याच परंपरेतले. १६९३ च्या फुटीपासून त्यांचा पंथ निराळा झाला. त्यांचे वेगळेपण सरसकट नाही. त्यांच्या स्थानिक मंडळ्या ‘ऑर्डनुंग’ नावाच्या नियमांनी ठरवतात की कोणती गोष्ट घरात येऊ द्यायची आणि कोणती उंबऱ्याबाहेर ठेवायची. अनेक ठिकाणी टेलिफोन घरात नसतो, पण रस्त्याकडेच्या सामायिक खोपटात असतो. बाहेरच्यांशी खरेदी-विक्री चालते. आठव्या इयत्तेनंतर मुलांना शाळेत पाठवण्याची सक्ती त्यांच्यावर करता येणार नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये दिला. मी आमिश नाही आणि होणारही नाही, पण एखादे यंत्र घरात आणण्यापूर्वी त्याने आपल्या मंडळीचे काय होईल, हा प्रश्न एकत्र बसून विचारणे ही ‘समरूप होऊ नका’ या आज्ञेची दुर्मिळ अंमलबजावणी आहे, असे मला वाटते.

पहिल्या उत्तराच्या लेखकाचे पुरवणी उत्तर

प्रश्न सर्वांसाठीच्या नियमाचा आहे, त्यामुळे व्रताचा दाखला इथे अपुरा पडतो. अंतोनी स्वतःच्या निश्चयाने गेला, साटलरने मठ सोडला तोही स्वतःच्या निश्चयाने. वेगळ्या वस्तीत जन्मलेल्या मुलाने मात्र काहीच निवडलेले नसते. १९७२ च्या त्या निकालात न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः विरोधी मत नोंदवून मुलांच्या स्वतःच्या इच्छेचा प्रश्न उपस्थित केला होता. तो प्रश्न मला निकालाइतकाच महत्त्वाचा वाटतो, विशेषतः प्रौढपणीच्या बाप्तिस्म्यासाठी प्राण देणाऱ्यांच्या वारसांच्या बाबतीत. आमिशांमध्येही बाप्तिस्मा समजत्या वयातच होतो. पण आठवीपलीकडे बाहेरचे फारसे काही शिकू न दिलेल्या तरुणाने केलेली निवड कितपत मोकळी म्हणायची?

आरंभीच्या मंडळीला एकांतवासाचा आरोप मान्य नव्हता, याचा एक पुरावा मराठी वाचकाला विशेष रोचक वाटेल. साधारण इ. स. १९७ मध्ये टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज येथे लिहिलेल्या कैफियतीत (प्रकरण ४२) ख्रिस्ती लोक समाजाला निरुपयोगी आहेत या आक्षेपाला उत्तर दिले आहे. आम्ही काही ब्राह्मण किंवा भारतातले अरण्यवासी तपस्वी नाही, असे तो म्हणतो. तुमचा बाजार, तुमची स्नानगृहे, दुकाने आणि खानावळी आम्ही वापरतो, तुमच्याबरोबर जहाजे हाकतो, शेती करतो. हाच टर्टुलियन रंगभूमी आणि आखाड्यातले खेळ ख्रिस्ती माणसाला सक्त मना करतो. राहणे एकत्र, पण काही गोष्टींना स्पष्ट नकार, ही त्याची भूमिका. दुसऱ्या शतकातले म्हणून ओळखले जाणारे डायोग्नेटसला लिहिलेले पत्रही असेच सांगते की ख्रिस्ती लोक देश, भाषा किंवा पेहराव यांवरून ओळखू येत नाहीत, पण नको असलेली मुले ते टाकून देत नाहीत. त्या काळी नवजात बालक उघड्यावर टाकणे सर्रास चाले, म्हणून हा फरक मोठा होता. आणि तो ज्यांच्यात राहायचे त्यांच्यातच दिसला.

यावरून शब्दांची वाटणी मी अशी करेन. राहण्याच्या जागेबद्दल बोलायचे असेल तर ‘अलग’ किंवा ‘दूर’ म्हणावे. आचरणातल्या फरकासाठी ‘निराळे’ म्हणावे. नेमणुकीसाठी ‘राखून ठेवलेले’ म्हणावे. ‘अलिप्त’ हा शब्द शक्यतो टाळावा, कारण त्याच्यामागे कमळाचे पान आणि त्यावरून घरंगळणारे पाणी येते, आणि डोंगरावरच्या प्रवचनात येशूने शिष्यांना मीठ म्हटले आहे. मीठ अलिप्त राहून भागत नाही.

तिसरे उत्तर

प्रश्नाचा दुसरा भाग राहून गेला आहे. लॅटिन ‘सेक्युलुम’ म्हणजे युग, पिढी, चालू काळ. वर ज्या ‘आयॉन’चा उल्लेख झाला, त्याच्या जवळचा हा शब्द. ‘सेक्युलर’ हे विशेषण मध्ययुगात चर्चच्या आतच वापरले जाई. मठाच्या नियमाने बांधलेले ते ‘रेग्युलर’ आणि लोकांमध्ये राहून धर्मग्रामाची (एका चर्चच्या हद्दीतल्या लोकांची) सेवा करणारे ते ‘सेक्युलर’ धर्मगुरू, असा तो भेद होता, आणि त्यात धर्माला विरोध असल्याचा लवलेश नव्हता. ‘सेक्युलॅरिझम’ ही संज्ञा जॉर्ज होलिओक या इंग्रज विचारवंताने १८५१ मध्ये रूढ केली, तेव्हा तिचा रोख इहलोकीच्या कल्याणापुरता विचार करण्याकडे होता.

म्हणून ‘सेक्युलर समाज’ लिहिताना आपल्याला काय म्हणायचे आहे ते आधी ठरवावे. सर्व धर्मांना सारखे वागवणारी राज्यव्यवस्था अभिप्रेत असेल तर ‘धर्मनिरपेक्ष’ योग्य आहे. तिच्यापासून पळण्याचे ख्रिस्ती माणसाला कारण नाही, उलट साटलरच्या वेळी ती असती तर तो वाचला असता. परलोकाचा विचार न करता जगण्याची दृष्टी अभिप्रेत असेल तर ‘इहवादी’ हा शब्द सरस आहे, आणि पौलाच्या ‘युगाबरोबर समरूप’ या इशाऱ्याचा विषय हाच आहे. ‘निधर्मी’ हा शब्द बहुधा निंदेसाठी येतो, त्यामुळे चर्चेत त्याचा उपयोग कमीच. ‘जगिक’ हा मंडळीतल्या बोलण्यातला शब्द माणसाच्या हव्यासांसाठी ठीक आहे, पण शेजाऱ्यांना ‘जगिक लोक’ म्हणू नये. योहानाच्या शुभवर्तमानात (३:१६) देवाने ज्या ‘जगा’वर प्रीती केली ते आणि त्याच्या पहिल्या पत्रात (२:१५) ज्यावर प्रीती करू नका म्हटले ते, दोन्हीकडे शब्द ‘कॉस्मोस’च आहे. एकीकडे माणसे आहेत आणि दुसरीकडे वासना व गर्व.

भाषांतरकारांसाठी एक अडचणीचे उदाहरण देतो. १९४७ मध्ये पोप बारावे पायस यांनी कॅथलिक चर्चमध्ये ‘सेक्युलर इन्स्टिट्यूट’ या प्रकाराला मान्यता दिली. त्यांचे सदस्य ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही वचने स्वीकारतात, आणि तरीही मठात न जाता सामान्य नोकरी-व्यवसाय करत लोकांमध्ये राहतात. ‘निधर्मी संस्था’ किंवा ‘धर्मनिरपेक्ष संस्था’ असे भाषांतर इथे हास्यास्पद होईल आणि ‘इहवादी’ तर उघडच चूक. मी ‘समाजात राहणाऱ्या व्रतस्थांची संस्था’ असे लिहितो. याहून आटोपशीर शब्द कुणाला सुचला तर तो इथे अवश्य नोंदवावा.